स्कायपिया सोडू नकोस

सोमवार, रात्री

'वन पीस'मधल्या स्कायपिया आर्कला, म्हणजे ढगातल्या बेटाच्या पर्वाला, नावं ठेवणाऱ्यांनी तो धड बघितलेलाच नसतो, असं माझं हल्ली ठाम मत झालंय. समुद्री चाच्यांच्या या जपानी चित्रकथेचा (मांगा) आणि तिच्यावरच्या मालिकेचा (अॅनिमे) विषय निघाला की एक शहाणा हमखास भेटतो. तो म्हणतो, अलाबास्ता बघ, स्कायपिया गाळ आणि थेट वॉटर सेव्हन गाठ. का, तर म्हणे त्या आर्कचा मूळ गोष्टीशी काही संबंध नाही. वर ढगात जातात, विजेच्या देवाला हाणतात, सोनं घेऊन खाली येतात, संपलं.

आज जेवता जेवता शेवटचे एपिसोड परत लावले आणि भाजी गार झाली. मुळात ही गोष्ट त्या विजेच्या देवाची, एनेलची नाहीच, क्रिकेट नावाच्या माणसाची आहे. क्रिकेटचा पूर्वज नोलँड. 400 वर्षांपूर्वी त्याने आपल्या राजाला सोन्याच्या शहराबद्दल सांगितलं, राजाला तिथवर घेऊन गेला, आणि शहर जागेवर नव्हतं. खोटारडा ठरवून त्याला मारलं. त्याच्यावर पोरांना वाचून दाखवायची गोष्ट निघाली, आणि घराण्याच्या कपाळावर चारशे वर्षं तो शिक्का. क्रिकेट रोज समुद्रात बुड्या मारून शरीराची वाट लावून घेतोय, ते सोनं मिळावं म्हणूनही नाही. एकदाचं हो किंवा नाही कळावं, एवढ्यासाठी. आणि शहर तर केव्हाच समुद्राच्या उसळीबरोबर आभाळात उडून गेलेलं.

गोष्टीचा नायक, कप्तान लुफी, वर चढत जातो तो त्या शहराची सोन्याची घंटा वाजवायला. एनेल वाटेत येतो म्हणून मार खातो. रबराच्या लुफीवर वीज चालत नाही हे कळल्यावर एनेलचे डोळे बाहेर येतात, जीभ लोंबते, ते तोंड बघून मी अजूनही खो खो हसते. पण खरी गंमत पुढे आहे. हाताला सोन्याचा भलाथोरला गोळा चिकटलेला, त्यानेच तो एनेलला घंटेवर आदळतो, आणि खाली जाया बेटाच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला आवाज ऐकू येतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो त्या लढाईत नाहीच. हजारो फूट खाली आहे. ही कल्पना ज्याला सुचली त्याला साष्टांग नमस्कार.

आणि संबंध नाही कसा? त्याच घंटेपाशी चाच्यांचा राजा रॉजरने मागे ठेवलेला मजकूर सापडतो. तो तिथे कोरताना सामुराई ओडेन वानो आर्कमध्ये दिसतो, मांगात मध्ये सोळाएक वर्षं गेलेली. गियर फाइव्ह हे लुफीचं नवं रूप आल्यावर लोकांना स्कायपियातल्या शेकोटीभोवतीच्या नाचात सूर्यदेव निका दिसायला लागला. तोवर हेच लोक म्हणत होते, गाळा.

बुधवार

भाच्याचा मेसेज. गडी अकरावीत आहे, परीक्षा संपल्या संपल्या वन पीस धरलंय. 'मावशी, अर्लाँग पार्क संपवलं. रडलो. कुणाला सांगू नकोस. आता काय काय स्किप करू?'

त्याला आधी शाबासकी दिली, मग अर्लाँग पार्कबद्दल एक विचारलं. नोजिको जेव्हा आपल्या बहिणीची, लुफीच्या टोळीतल्या नामीची, सगळी हकिगत सांगायला बसते, तेव्हा लुफी काय करतो आठवतंय का? तिचा भूतकाळ ऐकण्यात आपल्याला रस नाही म्हणतो आणि फिरायला निघून जातो. बाकीचे ऐकतात, आपण ऐकतो, त्याला काही माहीत नाही. नंतर नामी स्वतःच्या खांद्यावरच्या अर्लाँगच्या टोळीच्या गोंदणात सुरा खुपसत असते, हा हात धरतो. ती म्हणते, मला मदत कर. तेवढं त्याला पुरतं. टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो आणि चालायला लागतो. भाच्याचं उत्तर : 'हो गं. आय नो. परत रडवू नकोस.'

स्किप करायचा प्रश्न मात्र रास्त आहे. पोरांची चूक नाही, दोष त्या गाडीच्या वेगाचा. मांगा 1997 च्या जुलैत सुरू झाला, अॅनिमे 1999 च्या ऑक्टोबरमध्ये. दर आठवड्याला एपिसोड द्यायचा आणि मांगाच्या पुढेही जायचं नाही म्हटल्यावर अॅनिमे बनवणाऱ्या टोएईने पाणी घालायला सुरुवात केली. कधी फिलर (मांगात नसलेले जादा एपिसोड), कधी ताणणं. फिलरला माझी ना नाही. स्कायपियानंतरचा जी-एट हा निव्वळ पदरचा आर्क आहे आणि मूळ मांगातल्या काही बेटांपेक्षा सरस आहे. आरमाराच्या तळावरच आभाळातून पडतात आणि मग आचारी, डॉक्टर बनून लपतात, काय धमाल आहे ती! ताणणं वाईट. ड्रेसरोझाचे 118 एपिसोड झाले, मांगात तो शंभराच्या आसपास प्रकरणांचा आहे. म्हणजे एका एपिसोडला धड एक प्रकरणही नाही. खलनायक डोफ्लामिंगोचा तो पिंजरा आवळत येतोय, येतोय, लोक पळतायत, पुन्हा पळतायत, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातोय. मी त्या काळात इस्त्रीचे कपडे समोर घेऊन बसायचे, नजर वर करायची गरजच पडायची नाही.

आणि त्याच चऱ्हाटात मध्येच लहानग्या लॉची आणि त्याला वाचवणाऱ्या कोराझोनची गोष्ट येते. पेटीत कोंडलेलं ते पोर आतून धडका मारतंय, ओरडतंय, आणि बाहेर चकार शब्द ऐकू येत नाही, कारण कोराझोनने आपल्या शक्तीने त्याचा आवाज बंद केलाय. तो जिवंत आहे तोवरच हे टिकणार. म्हणून गोळ्या खाऊन बर्फात पडलेला हा माणूस मरण लांबवत राहतो, पोरगं लांब जाईपर्यंत. ज्याने ड्रेसरोझा गाळला त्याला हे सापडलंच नाही, आणि ज्याने सगळा बघितला त्याला हे यायच्या आधी जांभया आल्या. सांगायचं काय मग पोराला?

आता 2026 पासून वर्षाला जास्तीत जास्त 26 एपिसोड, असं टोएईने जाहीर केलंय. वीस वर्षं आधी केलं असतं तर माझ्या पिढीचे किती रविवार वाचले असते.

भाच्याला लिहिलं : फॉक्सीचा आर्क गाळ हवं तर. बाकी गाळायचं नाही.

शुक्रवार

दिवसभर ऑफिसात वॉटर सेव्हन डोक्यात. सगळे त्याच्या पुढच्या एनिस लॉबीचं कौतुक करतात. टोळीतल्या रॉबिनचं 'मला जगायचंय', जागतिक सरकारचा झेंडा जाळणं, ते आहेच. पण मला त्याच्या आधीचा भाग जास्त आवडतो, जिथे कुणी शत्रू समोर नसतो आणि घर आतून उसवत जातं.

मेरी या टोळीच्या जहाजाचा कणा मोडलाय, दुरुस्त होणार नाही, असं गोदीतले सुतार येऊन सांगतात. पैसे हातात आहेत, कारागीर जगातले सगळ्यात चांगले आहेत, आणि तरी नाही. लुफी जहाज बदलायचं ठरवतो. टोळीतला उसॉप चिडतो. वरवर भांडण जहाजाचं, आतून त्याला ऐकू येतं वेगळंच : जे कमकुवत झालं ते टाकून द्या, आज मेरी, उद्या मी. आधीच दोनशे दशलक्ष बेरी त्याच्या हातून लुटले गेलेत, मार खाऊन आलाय, लाज गिळतोय. अशा माणसाशी त्या दिवशी कुणीही बोललं असतं तरी भांडणच झालं असतं. मग रात्री दोघांची लढाई, आणि ती जिंकून लुफी रडत जातो. कप्तान रडतोय आणि टोळीतला तलवारबाज झोरो त्याला सांगतो, हेच ओझं आहे, तू डळमळलास तर आम्ही कुणाकडे बघायचं.

झोरोवर त्या आर्कमध्ये बरेच जण खार खाऊन असतात. उसॉप परत येऊ पाहतो तेव्हा, आधी माफी मागू दे, नाहीतर त्याला घ्यायचं नाही, नुसतं हसून घेतलंस तर मी जातो, म्हणणारा झोरोच. मला तो बरोबर वाटतो. उसॉपसाठीही. त्याला फुकटात परत घेतला असता तर त्याला स्वतःला जन्मभर कमीपणा वाटत राहिला असता. (आईला हे सांगितलं तर म्हणाली, 'तुमच्या त्या कार्टूनमध्ये पण रुसवेफुगवे?' आई, रुसवेफुगवेच आहेत. मारामारी तोंडी लावायला.)

आणि मेरी. स्कायपियात एका रात्री उसॉपला धुक्यात कुणीतरी हातोडा मारताना दिसतं. सकाळी जहाज दुरुस्त झालेलं असतं, तेही अगदी जुन्या रूपात, जसं काया नावाच्या मुलीने त्यांना दिलं होतं तसं. तेव्हा आपण म्हणतो, असेल काहीतरी. वॉटर सेव्हनमध्ये कळतं की जिवापाड जपलेल्या जहाजाचा आत्मा असा दिसतो. मग एनिस लॉबीहून सुटका करायला मेरी एकटी येते, समुद्रात पेटवून निरोप देताना बोलते, आणि ते सगळं त्या धुक्यातल्या हातोड्यावर उभं आहे. गाळा म्हणे स्कायपिया!

रॉबिनच्या ओहारा बेटाचा भाग आज मुद्दाम परत बघितला. शंभर वर्षांचा इतिहास पुसलाय, तो वाचू पाहणाऱ्या विद्वानांचं बेट जाळलं, आणि वाचलेल्या आठ वर्षांच्या पोरीला 'राक्षसीण' म्हणून जगभर हिंडवलं. चाचा कोण आणि आरमार कुणाचं, हे लिहिणारा ठरवतो, याचं आपल्याला काय नवल. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचे होते, आपल्याकडे सरखेल. अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून ओहारा आठवणारी मी एकटीच नसेन.

रविवार, दुपार

भाचा विचारतो, मरीनफोर्डची लढाई तर एक नंबर ना? नाही. एकदा बघायला जबरदस्त, चाच्यांचा म्होरक्या व्हाइटबियर्ड उभ्याने मरतो ते तर झालंच. पण लुफीचा भाऊ एस आपल्या वाट्याला आधी आला किती? अलाबास्तात येऊन गेला, जेवता जेवता झोपला, संपलं. त्याचं बालपण, तिसरा भाऊ साबो, ते दारूचे पेले, हे सगळं तो गेल्यावर दाखवतात. रडायचं आधी, ओळख मागून. आणि सुटका झाल्यावर आरमाराच्या अकाइनूने डिवचलं म्हणून मागे वळतो, तिथे मला अजूनही राग येतो. वर इतके लोक त्याच्यासाठी मेले त्याचं काय?

फिशमॅन आयलंडला मात्र मी ओढूनताणून वरचा नंबर देते. लढाया फिक्या आहेत, मान्य. पण माणसांचा द्वेष करणाऱ्या होडी जोन्स या मासा-माणसाला विचारतात, माणसांनी तुझं काय बिघडवलं होतं, आणि उत्तर येतं : काही नाही. एवढा सगळा द्वेष, आणि हा नुसता ऐकून वाढलेला. त्याच्या उलट फिशर टायगर, ज्याने खरोखर भोगलं, तो माणसाचं रक्त घ्यायला नकार देऊन मरतो, पण पोरांना हे सांगू नका म्हणतो. आणि शेवटी त्यांच्यातलाच जिन्बे, माणसाला रक्त द्यायला तिथे कायद्याने बंदी असताना, नळी लावून आपलं रक्त लुफीला देतो. रक्तगट जुळला, बस्स. एवढी मोठी गोष्ट इतक्या साध्या कारणाने मिटवली.

वानोबद्दल माझं डोकं दोन बाजूंना चालतं. रंग, रेषा, हालचाल, टोएईने जन्मात असं काम केलं नव्हतं. ऑगस्ट 2023 मध्ये गियर फाइव्हचा एपिसोड आला त्या आठवड्यात ज्यांना वन पीस माहीत नाही तेही विचारत होते, हे काय आहे. पण ओनिगाशिमाची लढाई संपता संपत नाही, आणि सामुराई किनएमोनचे दोन तुकडे होऊनही तो उठून बसतो, हे मला पचलं नाही. त्या सगळ्या धुमाकुळापेक्षा मला एबिसू गावची ती चिमुरडी तोको लक्षात आहे. फसलेली स्माइल फळं खाल्लेल्या लोकांना रडताच येत नाही. डोळ्यांदेखत बापाला गोळ्या घालतात आणि ती हसते आहे. आसपासचे सगळे हसतायत. झोरोला कारण कळतं आणि तो तलवार उपसतो. खलनायक काइडो वगैरे ठीक.

आता एगहेड आर्कमधला कुमा. त्याची पूर्वकथा बघितल्यापासून एक गोष्ट सतावतेय. सॉर्बेच्या चर्चमध्ये तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या वेदना तळहाताने बाहेर काढायचा आणि त्या कुठे जायच्या, तर त्याच्याच अंगात. रात्री एकटा कण्हायचा. हाच कुमा थ्रिलर बार्कमध्ये लुफीच्या वेदनेचा लाल गोळा काढून झोरोसमोर धरतो. घे, चव बघ, म्हणतो. तेव्हा मला तो क्रूर वाटला होता. त्याला नेमकं माहीत होतं दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेणं म्हणजे काय, आणि समोरच्याने ते घेतल्यावर तो मुकाट्याने निघून जातो.

म्हणजे थ्रिलर बार्क परत काढणं आलं. तिथला खलनायक मोरिया, त्याची ती सगळी लांबण सोसून. भाच्याला म्हटलं, तू तिथे पोचलास की सांग, बरोबर बघू. तो म्हणाला, 'अगं मी अजून लोगटाउनलाच आहे.'