नसलेल्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत

माझं रोजचं काम पार्श्वसंगीताचं. माहितीपट, जाहिराती, कधी एखादी वेबमालिका. तिथे चित्र आधी हातात येतं. सेकंदाला २४ फ्रेम, आणि दार ज्या फ्रेमवर आपटतं तिथेच ठोका पडायला हवा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत बरोबर १२ फ्रेमला एक मात्रा येते, त्यामुळे घाईच्या कामात माझा हात आपोआप तिकडेच जातो. घरी बसून सिंथेसायझरवर जो अल्बम केला, त्यात हा आधार नव्हता, कारण चित्रपटच नव्हता.

गोष्ट मात्र होती. पटकथा लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ती रचली. डोंगरावरच्या रोपवेची दिवसातली शेवटची फेरी. ट्रॉलीत दोन बहिणी, कित्येक वर्षं एकमेकींशी अबोला धरलेल्या. धुकं उतरतं आणि ट्रॉली अध्येमध्ये अडकते. एका कार्डावर एक प्रसंग आणि कोपऱ्यात त्याचा वेळ, असं तिने लिहून आणलं. कार्ड मी एकदाच वाचायचं, सराव करायचा नाही, आणि जे वाजेल ते ठेवायचं, असं ठरलं.

प्रसंग बघून तिथल्या तिथे वाजवणं काही नवं नाही. डिसेंबर १९५७ मध्ये जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी पॅरिसमध्ये एका फ्रेंच चित्रपटाचं संगीत तसंच, पडद्यावर दृश्यं बघत वाजवलं होतं. आमच्याकडे पडद्याचं काम मैत्रीण करणार होती. समोर बसून ती प्रसंग मनातल्या मनात चालवणार आणि पात्रं बोलायला लागली की हात वर करणार. हात वर असेपर्यंत मी संवादांना जागा द्यायची.

हे मला पटेना. ऐकणाऱ्याच्या कानावर संवाद पडणारच नाहीत, मग जागा कुणासाठी सोडायची? ती म्हणाली, "त्या बोलतायत ना, मग तू बाजूला हो." वाद घालत बसण्यापेक्षा वाजवून बघावं, म्हणून सुरुवात केली.

मिडी मुद्दाम बंद ठेवलं. मिडीत आवाज नाही, तर कुठली पट्टी, किती जोराने, किती वेळ दाबली याची नोंद राहते. मग चुकार सूर सरळ करता येतो, आख्खा आवाजच बदलता येतो, आणि येतो म्हणून बदललाही जातो. मला तो मोह नको होता. सिंथचा आवाज डिलेसकट, म्हणजे मागून येणाऱ्या प्रतिध्वनीसकट, थेट ध्वनिमुद्रित केला.

षड्जासाठी दोन ऑसिलेटर, म्हणजे सिंथमधले मूळ स्वर काढणारे भाग, घेतले. दोन्ही सॉटूथ, करवतीच्या दात्यांसारख्या लहरीचे. एक ११० हर्ट्झवर, दुसरा त्याहून अर्धा हर्ट्झ चढा. अशा दोन स्वरांत दर दोन सेकंदांनी एक डोल येतो, आवाज भरतो आणि ओसरतो. अधांतरी लटकलेल्या ट्रॉलीचा झोका मला तिथे सापडला. गंमत पुढे आहे. वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वरासोबतच वाजणारे त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर, याहून भराभर डोलतात: दुसरा दुप्पट, तिसरा तिप्पट. वरचे सूर अडवणारा लो-पास फिल्टर मिटलेला असला की फक्त तळाचा संथ झोका ऐकू येतो, आणि तोच फिल्टर उघडत नेला की झोका अस्वस्थ होत जातो. पट्टी एकही बदलावी लागत नाही. डावा हात दिवसभर त्या नॉबवरच होता. उजव्या हाताला सा, कोमल रे आणि पंचम एवढेच सूर ठेवले होते.

अडकलेल्या ट्रॉलीच्या कार्डावर तीन मिनिटं लिहिली होती. मी कोमल रिषभावर रेंगाळत होतो, तेवढ्यात तिचा हात वर गेला. सूर सोडला, फिल्टर मिटवला. हात वरच. म्हणून दुसऱ्या ऑसिलेटरचा आवाज हळूहळू शून्यावर आणला, आणि झोका थांबला. उरला एकटा ११०, सरळ, हलेना डुलेना. डिलेची शेपटी विरून गेली. बोटं रिषभाकडे ओढ घेत होती, तीन मिनिटं केव्हाच उलटली होती, तरी हात खाली येईना. अखेर आला, तेव्हा मी सूर धरलाच नाही. आधी दुसरा ऑसिलेटर परत आणला. ट्रॉली पुन्हा हलली.

"एवढं काय बोलल्या त्या?" मी विचारलं.

"काहीच नाही. धाकटी बोलायला तोंड उघडते, थोरली बाहेर धुक्याकडे बघत राहते. बोलणंच आहे ते."

अल्बममधला तो तुकडा मला सगळ्यांत प्रिय आहे. रोजच्या कामात अशी जागा दिसली की भरून टाका म्हणतात, आणि मीही भरत आलोय. इथे न दिसणाऱ्या दोन बायकांनी मला थांबायला लावलं, आणि थांबलेला स्वर त्यांच्याशिवाय इतका ताणून धरायची माझी छाती झाली नसती.

बाकीचे प्रसंग झरझर झाले. वाऱ्यासाठी व्हाइट नॉइजची सरसर, सुटकेसाठी दाबलेले सूर एकेक करून वाजवणारा आर्पेजिएटर. सुटका मला जरा कमकुवत वाटते, पण ठरल्याप्रमाणे ठेवली.

मिक्सच्या वेळी मात्र पेच पडला. फिल्टर मिटलेला ११० हर्ट्झ मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर जवळजवळ गायबच होतो, आणि आज बरेच जण तिथेच ऐकतात. फिल्टर आधीच आवाजात मुरलेला, त्यामुळे मागाहून उघडायची सोय नव्हती. वरून हार्मोनिक चढवून बघितले तर ट्रॉली पुन्हा खडखडायला लागली. काढून टाकले. हेडफोन लावून ऐका, एवढं अल्बमसोबत लिहिलंय.

कार्डांवर संवादाची एकही ओळ नव्हती. आता मैत्रीण खरीखुरी पटकथा लिहायला बसलीय, आणि लिहिताना हेच संगीत लावते. अडकलेल्या ट्रॉलीचा तिचा तीन मिनिटांचा प्रसंग आता ध्वनिमुद्रणाइतका, म्हणजे पाच मिनिटांचा झालाय.