पुढची डिस्क बदलली : प्लेटपेक्षा बैठकीवरच जास्त वेळ

चेन-स्प्रॉकेटचं काम मार्गी लागलं, आता बाइकच्या पुढच्या चाकाचा ब्रेक. तक्रार जुनीच. सिग्नलला येताना हलका ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना ढकलतं आणि सोडतं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी चाक उचलून फिरवलं आणि निकाल दिला, "प्लेट आऊट आहे, बदला." प्लेट म्हणजे ब्रेकची डिस्क, आऊट म्हणजे वाकडी. बदलायची तयारी होतीच. पण आऊट म्हणजे किती, आणि प्लेटच आऊट आहे की ती जिथे बसते ती जागा, हे मोजल्याशिवाय नवीन प्लेट चढवायची नाही असं ठरवलं.

गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. २०० सीसी, अलॉय चाकं, पुढे पाच बोल्टांवर बसलेली एकच डिस्क, एबीएस. मॉडेल लिहिलं की टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे जसेच्या तसे उचलले जातात. आणि डिस्कच्या ८ एमएम बोल्टाला एखाद्या गाडीत १८ न्यूटन-मीटर सांगितलेला असतो, तर दुसरीत ४२. आपापलं सर्व्हिस मॅन्युअल उघडा.

पहिलं माप जाडीचं, एमएममध्ये. इथे व्हर्निअर फसवतो. डिस्कच्या बाहेरच्या काठापर्यंत ब्रेकचे पॅड पोचत नाहीत, त्यामुळे तिथे न झिजलेली एक बारीक कड उभी राहते आणि व्हर्निअरचे जबडे नेमके त्या कडेवर टेकतात. माझ्या डिस्कवर व्हर्निअर ३.९ दाखवत होता. मायक्रोमीटर कडेच्या आत नेऊन घेतला तर ३.४३, आणि बरोबर समोरच्या बाजूला ३.३९. डिस्कवरच किमान जाडी ३.५ कोरलेली आहे. म्हणजे वाकलेली असो वा सरळ, प्लेट बाद. वाद मिटला, पण ०.०४ चा फरक डोक्यात राहिला. एकाच प्लेटवर तेच पॅड घासत असताना एक बाजू जास्त का झिजावी?

त्यासाठी डायल गेज, म्हणजे पृष्ठभाग किती आत-बाहेर होतो ते काट्यावर दाखवणारं साधन. गेज चुंबकी स्टँडचा आहे, आणि फोर्कची खालची नळी ॲल्युमिनियमची, तिथे चुंबक काय चिकटणार? कॅलिपर (पॅड धरून दाबणारा ब्रेकचा भाग) काढून त्याच्याच दोन बोल्टांवर लोखंडी अँगलचा एक तुकडा आवळला आणि स्टँड त्यावर बसवला. काढलेला कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने हँडलला बांधा. दोन पॅडमध्ये लाकडाची चीप घाला, म्हणजे येता-जाता कुणी लिव्हर दाबलं तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. घरात लहान मुलं असतील तर हे आधी करा.

गेज लावायच्या आधी चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून बघायचं. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर गेज बेअरिंगचं माप सांगेल, डिस्कचं नाही. माझी बेअरिंग ठीक निघाली. गेजचं टोक काठापासून पाच-सहा एमएम आत टेकवलं, जिथे भोकांची रांग येत नाही. भोकावरून गेलं की काटा उड्या मारतो. चाक सावकाश फिरवलं. एका फेऱ्यात काटा किती एमएम डोलला ते माप : ०.२८. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.१० ते ०.३० च्या दरम्यान दिलेली असते, म्हणजे काही गाड्यांत हे पासही झालं असतं. काटा सगळ्यात पुढे गेला तिथे मार्करने खूण केली. जिथे प्लेट पातळ झाली होती तीच ही बाजू.

कोडं इथे सुटतं. ब्रेक सोडलेला असतानाही प्लेटचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला हलकेच घासतो. तेवढाच भाग झिजत जातो, जाडी असमान होते, आणि असमान जाडी पॅडच्या मधून फिरली की पिस्टन मागेपुढे ढकलले जातात. लिव्हरमध्ये जाणवतं ते हे. नवीन प्लेट वाकडी बसली तर पहिल्या दिवशी ब्रेक लोण्यासारखा लागतो, कारण जाडी अजून सगळीकडे सारखीच असते. काही महिन्यांनी धडधड परत येते आणि माणूस प्लेट बनवणाऱ्याला शिव्या घालतो.

बोल्ट काढताना घाई नको. कंपनीने आट्यांना लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावलेलं असतं आणि या बोल्टांची मुंडी उथळ असते; एल आकाराची एलन की लावून हिसका दिलात की मुंडी बुजलीच समजा. मी सॉकेटवाला एलन बिट मुंडीत हातोडीने ठोकून पक्का बसवला, प्रत्येक बोल्टाला हीट गनची आच दिली आणि लांब दांड्याने एकसारखा दाब देत गेलो. आधी सगळे थोडे थोडे सैल, मग पूर्ण बाहेर. चौथा करकरला, पण आला.

प्लेट उचलली आणि खरा आरोपी समोर. आधीच्या मालकाने अलॉयना काळा पावडर कोट मारून घेतलेला, आणि मारणाऱ्याने डिस्कची बैठक झाकलीच नव्हती. पाचांपैकी तीन पॅडवर (हबचे, म्हणजे चाकाच्या मध्यभागी जिथे डिस्क टेकते तिथले पॅड म्हणतोय, ब्रेकचे नव्हेत) रंगाचा जाड थर, दोनांवर तो पोपडे होऊन उडालेला आणि खाली ॲल्युमिनियमची पांढरी बुरशी. बोल्टच्या भोकांभोवती जुन्या लॉकटाइटचे कण. एवढ्याशा थराने काय होतं असं वाटेल, पण बैठक मधोमध आहे आणि गेज काठावर. आतला एक दशांश एमएमचा फरक काठावर पोचेपर्यंत वाढतो.

आता एक प्रयोग केला. साफ करण्याआधीच नवीन प्लेट निम्म्या टॉर्कवर कोरडी आवळून मोजली : ०.२२. कोरी करकरीत प्लेट! मग ती उतरवून हब साफ करायला घेतला. रंगावर पेंट रिमूव्हर लावून लाकडी पट्टीने खरवडला. ॲल्युमिनियम मऊ असतं. ग्राइंडर, कानस, ड्रिलला लावायची वायर व्हील, यातलं काहीही इथे आणायचं नाही. बैठकीवर मार्कर फासला आणि तेलदगड अगदी हलक्या हाताने सपाट फिरवला. शाई जिथे आधी उडते तिथे उंचवटा. दोन भोकांच्या काठावर धातू वर आलेला सापडला, तो बसेपर्यंतच दगड फिरवला, पुढे नाही. आट्यांत टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नये असं माझं मत, तो चांगला धातूही कापतो. एका जुन्या बोल्टाला हॅक्सॉने उभी खाच पाडली, तोच हाताने आत-बाहेर फिरवला, सगळा कचरा खाचेत आला. चष्मा लावून भोकांत हवा मारली.

परत नवीन प्लेट, तशीच कोरडी, तोच निम्मा टॉर्क : ०.०६. कुतूहल म्हणून जुनी बाद प्लेटही चढवून पाहिली. ०.२८ ची ०.११ झाली. मिस्त्रींना आकडे दाखवले, ते म्हणाले, "एवढं कोण करतं साहेब?" त्यांचंही बरोबर आहे, दिवसाला बारा गाड्या काढायच्या असतात. म्हणून तर घरी करायचं.

पुढचं बसवणं सरळ आहे. नवीन प्लेटवर गंजरोधक तेल असतं. ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ पांढरी चिंधी, काळं येईनासं होईपर्यंत पुसा. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो जुळवा. बोल्ट नवे घेतले, निळं म्हणजे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (लॉकटाइट त्यातलंच), एकेक थेंब. लाल लावू नका, पुढच्या वेळी रडाल. आधी पाचही बोल्ट बोटांनी, मग एक सोडून एक, १-३-५-२-४, निम्म्या टॉर्कवर, मग त्याच क्रमाने पूर्ण. एबीएसची दातेरी रिंग माझ्या गाडीत त्याच बोल्टांवर येते, म्हणून सेन्सरचं अंतर फीलर गेजने पाहिलं. शेवटचं रीडिंग ०.०७.

पॅडही नवेच. जुन्या पॅडवर जुन्या प्लेटचे चर उमटलेले असतात. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतलं ऑइल वर येतं, रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. कॅलिपरच्या सरकत्या पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं. ॲक्सल आवळला, पण फोर्कचा पिंच बोल्ट (ॲक्सलला आवळून धरणारा) सैल ठेवून पुढचा सस्पेन्शन चार-पाचदा दाबला, नळ्या आपापल्या जागी बसल्या, मग पिंच बोल्ट. आणि गाडी स्टँडवरून काढायच्या आधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिल्या दाबाला लिव्हर थेट ग्रिपला टेकतं. हे गल्लीच्या उतारावर कळू नये.

नवे पॅड प्लेटवर घासून जुळवायला पहाटे मुळशीच्या रस्त्याला गेलो. ताशी साठ किलोमीटरवरून पंधरापर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं मोकळं चालवून गार करत. गरम प्लेटवर लिव्हर दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा ठसा एका जागी चिकटतो आणि धडधड पुन्हा सुरू. प्लेटवर एकसारखी राखाडी झाक आली, लिव्हर शांत आहे.

मागची डिस्क मापात आहे, मायक्रोमीटरने ३.८. पण पावडर कोट तिथेही झालेला दिसतो. मागचा टायर बदलायला आलाच आहे, चाक उतरेल तेव्हा तीही बैठक उघडून गेज लावतो.