वेदनाशामक जेवणाआधी

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात मी आहारतज्ज्ञ आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण दर आठवड्याला वजन करून माझ्याकडे येतात. त्या सोमवारी सासवडच्या बाजूने रोज एसटीने ये-जा करणारे एक काका आले, तेव्हा उपचाराच्या सुरुवातीला ५८ किलो असलेले त्यांचे वजन ५३ वर आले होते. गाठ जिभेच्या मुळाशी होती; सात आठवड्यांत ३५ वेळा किरणे, एकूण ७० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध असा उपचार ठरला होता. चौथा आठवडा नुकताच लागला होता.

"जेवण चालू आहे का, काका?" असे विचारल्यावर त्यांनी हातानेच 'चालू आहे' अशी खूण केली, पण शेजारी बसलेल्या काकूंनी माझ्याकडे बघत नकारार्थी मान हलवली.

टॉर्च मारून पाहिले तर टाळू लालभडक आणि जिभेच्या कडा सोललेल्या होत्या. किरणांचा फटका झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना आधी बसतो आणि तोंडाचे अस्तर तशाच पेशींचे असते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून असे होणे अपेक्षितच असते. त्यासाठी वेदनाशामक थेंब आणि तोंड बधिर करणारे लिग्नोकेनचे औषध डॉक्टरांनी आधीच लिहून दिले होते. मी काकूंना पिशवीतली औषधे दाखवायला सांगितली, तर दोन्ही बाटल्या जवळजवळ भरलेल्या निघाल्या.

"उपाशीपोटी कडक औषध कसं द्यायचं, मॅडम? म्हटलं, जेवले की देईन. पण हे जेवतच नाहीत."

चिठ्ठीवर '१-१-१' एवढेच लिहिलेले होते. औषध जेवणानंतरच घ्यायचे हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडलेले आहे की काकूंना दोष देण्यात अर्थ नव्हता. दुखते म्हणून खाता येत नाही आणि खाल्ले नाही म्हणून दुखणे कमी करणारे औषध नाही, अशा कोंडीत दोघेही सापडले होते. मी डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली आणि काकांना तिथेच थेंब दिले. अर्ध्या तासाने मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने चूळ भरायला लावली (लिटरभर पाण्यात एकेक चमचा पुरतो), मग बधिर करणारे औषध तोंडात घोळवायला सांगितले. घसा बधिर असताना ठसका लागण्याचा धोका असतो, म्हणून ताठ बसून एका वेळी अर्धा चमचाच घास घ्यायचा, हे बजावले. काकांनी डब्यातली वाटीभर पेज सावकाश, डोळे मिटून, पण संपवली.

पेज मात्र मला पसंत नव्हती. तिने पोट भरल्यासारखे वाटते, पण पदरात पाणीच जास्त पडते; काकांना दिवसाला निदान सोळाशे किलोकॅलरी आणि साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिने हवी होती. म्हणून तूप घालून मुगाच्या वरणात घोटलेला मऊ भात, दुधाची पावडर घातलेले दूध, नाचणीच्या सत्त्वाची खीर, दुधात शिजवलेले अंडे, असे सगळे कोमट किंवा गार द्यायला सांगितले. तिखट, लिंबू, टोमॅटो बंद. आंबट ताकही झोंबते.

एवढ्याने सगळे निभावले असे नाही. सहाव्या आठवड्यात नाकातून नळी घालावीच लागली. नळी म्हणजे शेवट जवळ आला अशी काकांची समजूत होती आणि ती दूर करायला माझा अर्धा दिवस गेला. मधे खंड पडला तर किरणांचा परिणाम कमी होतो आणि वजन उतरले की किरणे देताना डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो साचा सैल पडतो, हे तंत्रज्ञाने साचा हातात घेऊन दाखवले, तेव्हा ते राजी झाले. नळी असतानाही गिळण्याचे स्नायू आळसावू नयेत म्हणून पाण्याचे घोट तोंडाने चालूच ठेवले.

उपचार संपल्यावर आठवड्याभरात काकूंचा रागावलेला फोन आला: "शेक संपला, मग दुखणं का वाढलं?" शेवटच्या किरणांनंतरही एक-दोन आठवडे वेदना चढतीच राहू शकते, हे मी आधी सांगितले होते, पण त्या धांदलीत कुणाच्या लक्षात राहणार! थेंब कमी करू नका, एवढेच पुन्हा सांगितले.

महिन्याभराने नळी निघाली. काका आता ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खातात. लाळ अजून पुरेशी सुटत नाही, म्हणून पाण्याची बाटली सतत जवळ लागते, जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम चालू आहेत, आणि वरणाला मीठ किती यावरून घरात रोज वाद होतो, कारण त्यांची चव अजून पुरती परतलेली नाही.