बफेलो गॅपच्या गवतावर तीन रात्री

गाडीतून उतरल्याबरोबर बाबांनी आधी माती उचलली. बाटलीतलं पाणी टाकून बोटांत मळली आणि म्हणाले, "हे तं आपलीच काळी माती हाय. पाणी पडलं का गाडी निघत नाही इथून." माझे सासरे अकोल्याकडचे कापसाचे शेतकरी, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिनियापोलिसला आले होते. इथले, म्हणजे अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातले लोक या मातीला 'गम्बो' म्हणतात. ओली झाली की ती फुगते आणि चाकांना गच्च धरते. बाबांचं ऐकून आम्ही तंबू आत कुरणात न ठोकता खडीच्या रस्त्यालगत ठोकला. दुसऱ्या रात्री वादळी पाऊस झाला, तेव्हा त्यांचा शब्द किती मोलाचा होता ते कळलं.

बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड म्हणजे बॅडलँड्स नावाच्या धुपलेल्या, ओसाड टेकड्यांच्या कडेने पसरलेली सुमारे ६ लाख एकर सरकारी जमीन. हा मुळात लाकोटा या आदिवासी लोकांचा प्रदेश. पुढे वसाहतवाल्यांनी इथलं गवत नांगरून शेती केली, १९३०च्या दशकातल्या दुष्काळात ती बुडाली आणि सरकारने जमीन विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणली. आता इथे कुणीही फुकट मुक्काम करू शकतो. नळ नाही, झाड नाही. पाणी घरूनच न्यायचं. गवत वाळलेलं होतं, म्हणून शेकोटी पेटवली नाही. गॅसच्या शेगडीवर पिठलं-भात केला.

आम्ही आलो होतो प्रेअरी डॉगच्या शिकारीला. नाव डॉग असलं तरी हा खारीच्या कुळातला, साधारण किलोभर वजनाचा प्राणी. बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा करून त्यावर दोन पायांवर उभा राहतो. नवऱ्याला ऑफिसातल्या मित्रामुळे नेमबाजीची गोडी लागली. मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर आम्ही तिघांनी मिळून शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम केला आणि या राज्याचा परवाना काढला. गोळ्या तांब्याच्या घ्यायच्या हा हट्ट मुलाचा. मेलेले प्राणी ससाणे आणि गरुड खातात, आणि शिशाचे कण त्यांच्या पोटात जाऊन विषबाधा होते, हे त्याने वाचलं होतं.

पहिल्या सकाळी मीही एक मारला. नेम लागल्याचा आनंद खरा होता, तो लपवत नाही. मग दुर्बिणीतून पाहिलं तर बाकीचे सगळे बिळात गडप झालेले आणि तो एकटा उंचवट्यावर पडलेला. हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, कारण यांच्या पिसवांमधून प्लेग पसरतो. प्लेगचं नाव काढताच बाबा गप्प झाले. त्यांच्या आजीने प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

दुपारी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "काहून मारता याले? डुक्कर उभं पीक लोळवते म्हणून आपण हाकलतो. हे तं गवत खाते. अन् तुम्ही काही खाणार नाही याले." नवऱ्याने सांगितलं, की इथे गुरं चारायला पट्ट्याने देतात, कोरड्या वर्षी हे प्राणी गवत पार मुळापर्यंत कुरतडतात आणि पशुपालकाचं नुकसान होतं. ते बाबांना पटलं. चाऱ्याची टंचाई त्यांनी आयुष्यभर पाहिली आहे. पण आम्ही तर पशुपालक नव्हतो. मला ते उत्तर आमच्यासाठी पुरेसं वाटलं नाही, आणि मी रायफल परत उचलली नाही. मुलाने मात्र दुसऱ्या दिवशीही नेम धरला, आणि मी त्याला अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी कोनाटा बेसिनला गेलो. तेच कुरण, तेच प्राणी, पण इथे गोळी झाडायला बंदी. कारण आहे काळ्या पायांचं फेरेट, मुंगसासारखा लांबट शिकारी. तो मुख्यतः प्रेअरी डॉग खातो आणि त्यांच्याच बिळांत राहतो. बिळं गेली तेव्हा तोही जवळजवळ गेला. १९८७पर्यंत वायोमिंगमधली उरलेली शेवटची १८ जनावरं धरून त्यांची पैदास केली. आज जिवंत असलेली जवळजवळ सगळी त्यांतल्या ७ जणांची वंशावळ. कोनाटात ती १९९०च्या दशकात सोडली. २००८ मध्ये इथेही प्लेग पोचला, तेव्हापासून पिसवा मारायला बिळाबिळांत औषधाची पूड फवारतात. रात्री प्रखर दिव्याच्या झोतात फेरेटचे डोळे हिरवे चमकतात, त्यावरून त्यांची गणती होते. आम्हाला काही दिसलं नाही.

पण ऊन उतरताना एक प्रेअरी डॉग उंचवट्यावर ताठ झाला, मान मागे टाकून उडी मारल्यासारखा उसळला आणि चिरक्या आवाजात ओरडला. लगेच शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. हाक कुरणभर पसरत गेली. तरणेपणी बाबा ज्वारीच्या दिवसांत रात्री माळ्यावर जागलीला बसत. डुकरं आली की एका माळ्यावरून हाळी उठे आणि ती पार शिवारापलीकडे जाई. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऐक. जागल चालू हाय त्याइची."