तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत लॅब असताना वही कशाला?

पालकसभेत विचारतात, लग्नाकार्यात भेटलेले जुने विद्यार्थी विचारतात, आता नवीन जॉइन झालेले सरही विचारायला लागलेत की मॅडम, लॅब आहे ना आपल्याकडे, मग अकरावी-बारावी आयटीच्या पोरांना प्रोग्रॅम वहीत का लिहायला लावता? दरवेळी अर्धंमुर्धं उत्तर देऊन मी वैतागलेय, म्हणून एकदाच नीट लिहिते.

सरळ उत्तर म्हणजे मशीन पुरत नाहीत. आमची लॅब बूट मॉडेलमधून आलेली, म्हणजे कंपनीने लॅब उभारायची, काही वर्षं चालवायची आणि मग शाळेला देऊन टाकायची. एका सीपीयूला छोटे डबे जोडून तीन-चार स्क्रीन चालवायचे, तो सीपीयू बसला की अख्खी रांग बंद. पाच वर्षांचा करार संपला, करारावरचे सर गेले, सामान शाळेच्या नावावर झालं आणि दुरुस्ती आमच्या गळ्यात पडली. आज एका मशीनवर तिघं बसतात, टाइप एकच जण करतो आणि तो बहुतेक वेळा ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच असतो. तासाला लाइट असेलच याचीही खात्री नाही.

पण खरं सांगायचं तर उद्या प्रत्येकाला वेगळं मशीन मिळालं तरी मी वही सोडणार नाही.

नोकरीला लागले तेव्हा माझं मत अगदी उलट होतं बरं का. कॉम्प्युटर हा विषय वहीत शिकवणं म्हणजे शुद्ध अन्याय, असं मी स्टाफरूममध्ये भांडून सांगायचे, आणि पहिली एक-दोन वर्षं पोरांना थेट मशीनवरच बसवलं. जावास्क्रिप्टमध्ये दोन टेक्स्टबॉक्स घ्यायचे, आकडे टाकायचे, बेरीज दाखवायची, एवढं साधं. ५ आणि ३ टाकले, उत्तर आलं ५३. बॉक्समधून येतं ते अक्षर असतं, आकडा नसतो, म्हणून दोन्ही नुसते शेजारी चिकटतात, हे कुणाला विचार करून कळायला हवं होतं. पण एकाने कुठूनतरी ऐकलं की पार्सइन्ट (अक्षराचा आकडा करणारी कमांड) लावायचं असतं, मग सगळ्या वर्गाने लावलं, एकीने तर नावाच्या बॉक्सलाही लावलं. उत्तर पानावर दाखवायला इनरएचटीएमएल लिहावं लागतं, त्यातलं एचटीएमएल कॅपिटलमध्ये लागतं, स्मॉल टाकलं तर ब्राउझर साधा एररही देत नाही, नुसता गप्प बसतो, अशा वेळी पोरं काय करायची तर मशीन रीस्टार्ट! चालेपर्यंत काहीतरी बदलत राहायचं आणि चाललं की पुढे, का चाललं ते विचारायचं नाही.

वहीत तसं करता येत नाही. वहीत मी रकाने पाडायला लावते, एका रकान्यात आय, दुसऱ्यात सम (ही प्रोग्रॅममधल्या व्हेरिएबलची नावं), लूपची प्रत्येक फेरी एका ओळीत, आणि कुठल्या फेरीत कशात काय आहे ते स्वतः भरायचं. तिथे पोरगं अडकलं की नेमकं कुठे अडकलं ते मला दिसतं. डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने सर्वात जवळचा रस्ता शोधायचा आपला प्रसिद्ध अल्गोरिदम १९५६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून डोक्यात तयार केला, कागद-पेन्सिलही नव्हती, हे मी वर्गात हटकून सांगते. (तो तेव्हा रोज मशीनवर काम करणारा माणूस होता, माझी पोरं तशी नाहीत, हा फरक मलाही कळतो.)

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते सांगते. माझी एक विद्यार्थिनी, घरी कॉम्प्युटर नाही, वडील शेतात, वही मात्र अशी की दुसऱ्यांना दाखवायला मी मागून घ्यायचे. पुण्याला इंजिनिअरिंगला लागली. पहिल्या सेमला सी प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल, दिलेला आकडा मूळसंख्या आहे का ते ओळखायचं. तिने आधी कागदावर लिहून काढलं, पाचेक मिनिटांत, बरोबर. मग टाइप करायला बसली तर महिरपी कंस सापडेना. आमच्याकडे विंडोज, तिथे लिनक्स, काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन कंपाइल करायचं, फाइल सेव्ह कुठे झाली तेच कळेना. शेजारच्या मुलीने तिला हळूच लॉजिक विचारलं, हिने सांगितलं, त्या मुलीचा प्रोग्रॅम रन झाला. बाहेरून आलेले परीक्षक, एक्स्टर्नल, आले, हिचा कागद बघितला, बरोबर आहे म्हणाले, पण आउटपुट कुठंय? आउटपुट नव्हतं. प्रॅक्टिकल राहिलं.

चार-पाच दिवसांनी हॉस्टेलवरून तिचा फोन आला. "मॅडम, मला येत होतं हो," एवढंच दोन-तीनदा म्हणाली, मग म्हणाली, "हातच चालत नव्हता." रागाने नाही, अगदी सरळ विचारलं तिने, "मॅडम, आपण टाइप जास्त का नाही केलं?"

तुम्ही हाच प्रश्न विचारता तेव्हा मला राग येतो. तिने विचारला तेव्हा माझ्याकडे शब्दच नव्हते. मशीन पुरत नव्हती हे तिला मी काय सांगणार, ती त्याच लॅबमध्ये तिघींत बसायची.

पुढच्या परीक्षेत तिचा तो विषय सुटला, आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, चांगलं चाललंय. पण त्या फोनवरून मी अजून स्वतःशीच भांडते. एक मन म्हणतं कीबोर्ड महिन्याभरात शिकता येतो, लॉजिक नाही, आणि त्या खोलीत लॉजिक हिच्याचकडे होतं. दुसरं मन म्हणतं तो महिना तिला कुणी दिला? शहरातल्या पोरांचा तो महिना सातवी-आठवीतच होऊन जातो, आपल्या पोरांचा मार्कांतून कापला जातो. बोर्डाची आयटीची परीक्षा ८० मार्कांची, तीही ऑनलाइन, म्हणजे माउस तर सगळ्यांनाच धरावा लागतो, पण माउस धरणं वेगळं आणि पानभर कोड न बघता टाइप करणं वेगळं.

वही मी यंदाही ठेवलीय. मधल्या सुट्टीत टायपिंगसाठी लॅब उघडी ठेवते, सध्या फक्त मुलींना, यावर मुलांचे पालक नाराज आहेत ते मला माहितीय. घरी लॅपटॉप असला तरी तो मुलीच्या हातात येत नाही हे मी रोज बघते, त्यामुळे हे मी बदलणार नाही. आणि खरंच विचारायचं असेल तर एकदा शाळा समितीला कीबोर्डचं विचारा. निम्म्या कीबोर्डची शिफ्ट की दबत नाही, महिरपी कंस काढायचा कसा? अर्ज मी जूनमध्येच दिलाय.