जुन्या मोटरसायकलच्या हॉर्नला रिले बसवला, त्याची हकीकत

माझी मोटरसायकल 2003 सालची, दीडशे सीसीची, किक मारून सुरू होणारी आणि बाबांकडून माझ्याकडे आलेली आहे. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या घरापासून राऊ ओलांडून पीथमपूरच्या कारखान्यात मी रोज तिच्यावरच जातो. या वाटेवर कंटेनर, ट्रेलर आणि कामगारांच्या बसगाड्या यांच्या मधून गाडी काढावी लागते. इंजिनाची कधी तक्रार नव्हती. हॉर्न मात्र दोन-तीन वर्षांत असा बसत गेला की बटन दाबल्यावर सर्दी झालेल्या माणसाने घसा खाकरावा, एवढाच आवाज येई. गेल्या हिवाळ्यात राऊजवळ एक ट्रेलर माझ्या अंगावर सरकू लागला. मी बटन दाबून धरले, पण चालकापर्यंत काही पोहोचले नाही, आणि शेवटी मला रस्त्याच्या कडेच्या मातीत गाडी उतरवावी लागली.

दुसऱ्याच दिवशी मी नवा हॉर्न विकत घेतला, आणि इथेच पहिली चूक केली. नवा हॉर्न जुन्यापेक्षा जेमतेम बरा वाजला. दुकानदाराने मागचा स्क्रू फिरवून पाहिला, तेव्हा आवाज फक्त चिरका झाला. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने गाडी न उघडताच निदान केले : ‘‘भिया, हॉर्न तो ठीक हे, करंट नी पोंच रिया.’’ त्याच्याकडे त्या दिवशी रांग होती, म्हणून मी घरी आलो आणि शेजारच्या नानांना हाक मारली. नाना वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत आणि अशा कामासाठी त्यांना बोलावणे म्हणजे त्यांच्यावर उपकार केल्यासारखे असते.

नानांनी नव्या हॉर्नकडे पाहिलेसुद्धा नाही. अडगळीतला जुना हॉर्न मागवला आणि दोन तारांनी तो थेट बॅटरीला लावला. हॉर्न असा खणखणीत वाजला की समोरच्या गॅलरीतून दोन माणसे डोकावली. ‘‘अरे, दुखणं हॉर्नचं नाहीच, वाटेचं आहे,’’ नाना म्हणाले. हॉर्नच्या आत विद्युतचुंबक पोलादी पडदा ओढतो, पडदा ओढला गेला की आतला काँटॅक्ट सुटतो, प्रवाह तुटतो, पडदा मागे येतो आणि पुन्हा काँटॅक्ट जुळतो. सेकंदाला काही शे वेळा हे घडते तेव्हा आपल्याला सूर ऐकू येतो. व्होल्टेज कमी पडले की ओढ कमी पडते, पडदा पुरता हलत नाही आणि हॉर्न घोगरा होतो. मागचा स्क्रू या काँटॅक्टचे अंतर बदलतो. वाटेतला तोटा त्याने भरून निघत नाही, उलट नीट बसवलेला हॉर्न बिघडतो.

जेल रोडवरून आणलेल्या साध्या मल्टीमीटरने आम्ही मोजणी केली, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हाच भाग सर्वांत मोलाचा ठरला. बटन दाबलेले असताना बॅटरीवर 12.1 व्होल्ट होते आणि हॉर्नच्या दोन टोकांवर फक्त 8.9. म्हणजे 3.2 व्होल्ट वाटेतच संपत होते. हा तोटा कोणत्या बाजूला होतो, हे कळण्यासाठी मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी हॉर्नच्या धन टोकावर ठेवून बटन दाबले, तेव्हा 1.3 आले, हॉर्नच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले, तेव्हा 1.9 आले. माझ्या गाडीत किल्ली फिरवली की हॉर्नला धन तार सतत मिळते आणि बटन फक्त अर्थिंग जोडते. ते अर्थिंग हँडलमधून, हँडल ज्यावर फिरते त्या ग्रीसने भरलेल्या कोनसेटमधून चेसिसपर्यंत जात होते. वीस वर्षांचे ग्रीस विजेला फारसे मानवत नसावे. बटन उघडून काँटॅक्ट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासले, हँडलपासून चेसिसपर्यंत एक वेगळी तार टाकली, आणि हॉर्नवर 10.4 व्होल्ट मिळू लागले. ज्याला फक्त मूळचा आवाज परत हवा असेल, त्याने इथेच थांबायला हरकत नाही.

मला मात्र पीथमपूरच्या रस्त्यासाठी अधिक आवाज हवा होता, म्हणून एक खालच्या आणि एक वरच्या सुराचा, अशी तबकडी हॉर्नची जोडी घेतली. दुकानात प्रेशर हॉर्नही आग्रहाने दाखवण्यात आला, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 119 प्रमाणे एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे किंवा कर्कश, दचकवणारे हॉर्न गाडीला लावता येत नाहीत, आणि मलाही एम. वाय. रुग्णालयासमोरून तसला आवाज करत जाण्याची हौस नव्हती. जोडीतला प्रत्येक हॉर्न साधारण साडेतीन अँपिअर ओढतो. दोन्हींचे मिळून सात. मूळ हॉर्न जेमतेम दोन अँपिअरचा होता आणि बटन व त्याच्या बारीक तारा तेवढ्याच हिशेबाने केलेल्या होत्या. सात अँपिअर त्यांतून नेले असते, तर तोटा तिपटीहून वाढला असता आणि बटनही जळाले असते.

यावरचा उपाय म्हणजे मोटारींत वापरतात तो चार पिनांचा, 12 व्होल्टचा रिले, म्हणजे कॉइलमधल्या थोड्याशा प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच. हॉर्नच्या मूळ दोन तारा काढून 85 आणि 86 या पिनांना लावल्या. या दोन पिनांमध्ये नुसती कॉइल असल्याने कोणती तार कुठे, याचा विचार करावा लागत नाही (आत डायोड असलेला रिले घेतला असेल, तर मात्र करावा लागतो). कॉइलला अँपिअरचा पाचवा हिस्साही लागत नाही, त्यामुळे जुन्या वायरिंगमधला उरलासुरला विरोध आता कोणाच्या आड येत नाही. बॅटरीच्या धन टोकापासून, टोकाला लागूनच 15 अँपिअरचा फ्यूज घालून, दीड चौरस मिलिमीटरची नवी तार टाकीखालून पुढे आणली आणि 30 या पिनेला दिली. 87 वरून दोन्ही हॉर्नना धन तार गेली. दोन्हींचे अर्थिंग थेट चेसिसवर, रंग खरवडून उघड्या लोखंडावर, थिंबल (तारेच्या टोकाला चेपून बसवायचे धातूचे टोक) आणि बोल्टने घट्ट केले. तार, थिंबल आणि स्लीव्ह सियागंजात मिळाले. थिंबल पक्कडीने नुसते चेपू नयेत, त्यासाठीचा क्रिंपर कोणाकडून तरी मागून आणावा; माझे पहिले दोन थिंबल हिसका देताच हातात आले होते.

जोडणीला एक तास लागला, बसवणीने मात्र पूर्ण रविवार खाल्ला. हॉर्नबरोबर येणारी पोलादी पट्टी वाकवून चालत नाही आणि तिच्याऐवजी जाड क्लॅम्पही चालत नाही, कारण त्या लवचीक पट्टीवर हॉर्न मोकळा थरथरला तरच आवाज उमटतो. मी आधी दोन्ही हॉर्न हेडलाइटच्या खाली लावले, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले आणि समाधान मानले. दुसऱ्या दिवशी राऊच्या उतारावर जोराने ब्रेक दाबल्यावर पुढचा मडगार्ड वर येऊन डाव्या हॉर्नला ठोकला. तेव्हा लक्षात आले की पुढचे शॉकअप पूर्ण दाबून जागा तपासायला हवी होती. आता हॉर्न इंजिनाच्या दोन बाजूंना, चेसिसच्या पुढच्या नळीवर आहेत, तोंडे पुढे आणि किंचित खाली. रिले टाकीखाली, पिना जमिनीकडे करून बसवला आहे, म्हणजे पाणी आत साचत नाही.

शेवटी पुन्हा मोजले : इंजिन चालू असताना, दोन्ही हॉर्न वाजत असताना, त्यांच्या टोकांवर 11.7 व्होल्ट. पावसाळ्यात एकदाच दोन्ही हॉर्न अचानक मुके झाले. सीटखालच्या फ्यूजच्या डबीत पाणी शिरून पाते हिरवे पडले होते. रबरी झाकणाची डबी बसवली आणि तिचे तोंड खाली वळवले. अडगळीतला जुना हॉर्न नाना घेऊन गेले. तो आता त्यांच्या स्कूटरवर आहे.