पागेच्या जागेवर

पुणे, २९ सप्टेंबर

फॉल-पिकोसाठी दिलेली साडी आणायला आज लक्ष्मी रस्त्यावर गेले होते. शाळा सुटण्याची वेळ असल्यामुळे हुजूरपागेच्या फाटकाशी मुलींची आणि पालकांच्या स्कूटरींची एवढी दाटी झाली होती की मला बराच वेळ तेथेच थांबावे लागले, आणि थांबल्यावर आठवले की १८८४ साली याच तारखेला ही शाळा स्थापन झाली.

हुजूर म्हणजे पेशवे, आणि त्यांच्या घोड्यांची पागा या जागेवर होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढे ही जागा सांगलीच्या पटवर्धनांकडे होती. पेठांच्या दाटीत एवढी सलग जमीन शिल्लक राहिली ती घोड्यांच्या कृपेने, असे माझे आपले मत आहे. शाळेच्या अधिकृत नावात चिंतामणराव पटवर्धन आहेत खरे, पण ते नाव सांगून रिक्षा करणारी व्यक्ती मला अद्याप भेटलेली नाही. माझी आजी तर आपल्या मैत्रिणींचा उल्लेख ‘पागेतल्या मुली’ असाच करीत असे आणि त्यात तिला काही वावगे वाटत नसे.

मुलींची शाळा पुण्याला नवी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली ती सुरू केली तो भिडेवाडा येथून पायी थोड्याच अंतरावर होता; २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. नवे होते ते मुलींसाठी हायस्कूल, म्हणजे इंग्रजी आणि पुढे मॅट्रिक. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी हा घाट घातला, तेव्हा विरोधाची धार अभ्यासक्रमावर होती तशीच वेळापत्रकावरही होती. मुलगी अकरा ते पाच शाळेत राहिली तर घरकाम कधी शिकणार, हा टिळकांच्या बाजूचा आक्षेप होता. त्याच टिळकांनी चारच वर्षे आधी, १८८० साली, चिपळूणकरांसमवेत मुलांसाठी न्यू इंग्लिश स्कूल उभे केले होते, आणि तेथील मुले घरकाम कधी शिकणार याची चिंता कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. टिळकांविषयी मनात आदर असूनही हे पान मला आजवर सहजपणे उलटता आलेले नाही.

शाळेइतकेच महत्त्व मी तिच्या वसतिगृहाला देते, कारण पुण्यात घर नसलेल्या मुलीला त्याविना हे फाटक बंदच राहिले असते. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे सातव्या वर्षी येथे राहायला आल्या. रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला ही त्यांची येथली मैत्रीण. सात वर्षांच्या मुलीला समुद्रापलीकडून येथे धाडणाऱ्या आईवडिलांनी शाळेच्या वेळेचा हिशेब मांडला नसावा.

गर्दी ओसरेपर्यंत दुकान बंद व्हायला आले होते. साडी तयार नव्हती. उद्या अकरानंतर या, असे सांगण्यात आले.